ईसीयू बदलण्यापूर्वी टेबलावर तपासून घ्या



पिकाची पाने पिवळी पडली तर त्याचे कारण नत्राची कमतरता असेल, लोहाची असेल, किंवा मुळाशी पाणी साचलेले असेल. कारण न शोधता युरिया टाकला तर पैसा जातो आणि पीकही सुधारत नाही. नव्या ट्रॅक्टर व पिकअपच्या इंजिनाबाबतही आता तसेच होऊ लागले आहे. सेल्फ फिरतो पण इंजिन सुरू होत नाही, स्कॅनर जोडला तर तो बोलत नाही, आणि "ईसीएम गेला" असे सांगितले जाते. नव्या ईसीयूसाठी कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. विजेची वस्तू असल्याने एकदा बसवून पाहिलेला ईसीयू दुकानदार सहसा परत घेत नाही. तो बसवूनही इंजिन सुरू झाले नाही तर पैसे जातात आणि पेरणीचा वाफसाही निघून जातो.

माती परीक्षण करून मगच खताची मात्रा ठरवावी, असे आपण म्हणतो. त्याचप्रमाणे ईसीयू वाहनातून काढून, टेबलावर वीजपुरवठा देऊन तपासता येतो. ही तपासणी कशी करतात, तिच्यातून काय कळते व काय कळत नाही, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रत्येकाने ती स्वतः करावी असा हेतू नाही. मात्र ती करून घेताना कारागिराला नेमके काय विचारावे, हे आपल्याला माहीत असावे.

ईसीयू म्हणजे काय?

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट म्हणजे ईसीयू. गॅरेजमध्ये यालाच ईसीएम म्हणतात. जुन्या डिझेल इंजिनात किती डिझेल कधी सोडायचे हे यांत्रिक पंप ठरवत असे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात हे काम ईसीयू करतो. इंजिनाचा वेग, पाण्याचे तापमान, रेलमधील डिझेलचा दाब आणि अॅक्सिलरेटरची स्थिती या गोष्टी सेन्सर त्याला कळवतात. त्यावरून तो हिशेब करतो आणि प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला जातो.

रस्त्यावरील नव्या वाहनांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण मानक लागू झाले. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज ४ हे मानक लागू झाले. त्यामुळे अशा बहुतेक वाहनांवर आता ईसीयू असतो. यांत्रिक पंप असलेल्या जुन्या वा लहान ट्रॅक्टरांना हा लेख लागू नाही.

ईसीयू काढण्यापूर्वीच्या तपासण्या

ईसीयू बिघडल्यासारखा वाटतो तेव्हा त्याला मिळणारी वीज, अर्थिंग किंवा एखादा सेन्सर यांतही दोष असू शकतो. म्हणून खालील तपासण्या वाहनावरच कराव्यात. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१) बॅटरी : इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना हा आकडा १० व्होल्टच्या फार खाली जाऊ नये. तसे होत असेल तर आधी बॅटरी व तिचे टर्मिनल पाहावेत.

२) अर्थिंग : मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला व लाल तार इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावावी आणि सेल्फ मारावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त वाचन आल्यास अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. ईसीयूच्या अर्थिंग वायरवर नुसती चावी चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

३) फ्यूज व मुख्य रिले : इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण तेवढ्या धाग्यातून पुरेसा प्रवाह जात नाही. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला व अर्थला २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो लख्ख पेटला तर पुरवठा ठीक आहे. मात्र सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या बारीक वायरींना असा बल्ब कधीही लावू नये. त्याचा प्रवाह आतील भागांना सोसत नाही.

४) चेक लाइट : चावी चालू केल्यावर चेक लाइट लागत असेल तर ईसीयूपर्यंत वीज पोहोचत असण्याची शक्यता मोठी असते. तो मुळीच लागत नसेल आणि स्कॅनरही बोलत नसेल, तर आधी बल्ब, फ्यूज, रिले व अर्थिंग या क्रमाने पाहावे.

५) दोषांचे कोड : स्कॅनर बोलत असेल तर ईसीयूला हात लावण्यापूर्वी सर्व कोड कागदावर लिहून घ्यावेत. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे दिसतात का, हेही पाहावे. फेरे शून्यच राहत असतील तर क्रँक सेन्सर व त्याची वायर तपासावी.

६) डिझेल : फिल्टर तुंबणे, डिझेलमध्ये पाणी असणे व पुरवठ्यात हवा शिरणे ही जुनी कारणे नव्या इंजिनालाही लागू आहेत.

येथे एक धोक्याची सूचना. जुन्या इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून हवा काढण्याची आपल्याला सवय आहे. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. रेलमध्ये हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा वरून लहान दिसली तरी रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते.

टेबलावरील चाचणीची तयारी

वरील सर्व गोष्टी ठीक असूनही शंका उरली तर ईसीयू काढावा. चावी बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, कारण चावी बंद केल्यानंतरही ईसीयू काही काळ आपल्या नोंदी साठवत असतो. मग बॅटरीची ऋण केबल काढावी व त्यानंतरच ईसीयूचा कनेक्टर खिटी उघडून सोडवावा. पिनांना बोट लावू नये. ईसीयू हातात घेण्यापूर्वी वाहनाच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते.

आता नुसत्या डोळ्यांनी पाहावे. पिनांवर हिरवट गंज, पाण्याचे डाग, वाकलेली पिन, जळका वास यांपैकी काही आहे का? कनेक्टरच्या मादी बाजूकडेही लक्ष द्यावे. लेबलवरील सर्व क्रमांक लिहून घ्यावेत. पेटी लगेच उघडू देऊ नये. बहुतेक पेट्या डिंकाने सील केलेल्या असतात. सील तुटले की पुढे ओल शिरते.

चाचणीसाठी पुढील साहित्य लागते.

अ) त्याच मॉडेलच्या ईसीयूचा पिनांचा नकाशा. तो नसेल तर चाचणी करू नये. चुकीच्या पिनेला १२ व्होल्ट लागले तर चांगला ईसीयूही क्षणात जळतो.

आ) प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा डीसी वीजपुरवठा. सुरुवातीला १२ ते १३.५ व्होल्ट व १ अॅम्पियर मर्यादा ठेवावी. बॅटरी चार्जर थेट वापरू नये, कारण त्याची वीज एकसारखी नसते. असा पुरवठा नसेल तर चांगली १२ व्होल्टची बॅटरी घ्यावी आणि धन वायरमध्ये २१ वॅटचा बल्ब मालिकेत जोडावा. ईसीयूमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अॅम्पियरच्या आसपासच अडतो.

इ) १२ व्होल्टचा रिले, एक स्विच, मल्टिमीटर, १२० ओहमचा रेझिस्टर, काही बदलते रेझिस्टर आणि स्कॅनर जोडण्यासाठी सॉकेट.

चाचणीच्या पायऱ्या

पहिली पायरी, वीज देणे. आधी सर्व अर्थिंग पिना जोडाव्यात. मग कायमच्या पुरवठ्याची पिन आणि त्यानंतर स्विचमधून चावीची पिन जोडावी. अनेक वाहनांत मुख्य रिले ईसीयू स्वतःच ओढतो. त्यामुळे टेबलावरही रिले नकाशाप्रमाणे जोडावा. स्विच चालू करताच रिलेचा "टक" असा आवाज आला तर ईसीयू जिवंत असल्याची ती पहिली खूण समजावी.

दुसरी पायरी, प्रवाह पाहणे. बाहेर काहीही जोडलेले नसताना ईसीयू साधारणपणे काही शे मिलिअॅम्पियर इतकाच प्रवाह घेतो. प्रवाह शून्य असेल तर जोडणी पुन्हा तपासावी. जोडणी बरोबर असूनही शून्यच राहिला तर आतला पुरवठ्याचा मार्ग तुटलेला आहे. प्रवाह लगेच मर्यादेला टेकला किंवा बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी स्विच ताबडतोब बंद करावा.

तिसरी पायरी, ५ व्होल्ट पाहणे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक सेन्सरांना ईसीयू स्वतःकडून ५ व्होल्ट देतो. नकाशात दाखवलेल्या अशा प्रत्येक पिनेवर ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळावेत. एकाच ईसीयूवर असे दोन-तीन वेगळे पुरवठे असू शकतात. ते सर्व मोजावेत.

याचे महत्त्व एका उदाहरणाने पाहू. समजा, टोमॅटो भरून बाजाराला निघालेली पिकअप वाटेत बंद पडली. वाहनावर मोजले तर सेन्सरच्या वायरीवर ५ व्होल्टऐवजी शून्य मिळतात. वरवर पाहता ईसीयूच वीज देत नाही असे वाटते. तोच ईसीयू टेबलावर ठेवला तर ५ व्होल्ट बरोबर मिळतात. याचा अर्थ असा की ईसीयू चांगला आहे आणि वाहनातील एखादा सेन्सर किंवा सोललेली वायर ते ५ व्होल्ट अर्थला ओढत आहे. एका पुरवठ्यावर अनेक सेन्सर असल्याने एकाच्या शॉर्टमुळे सगळे आंधळे होतात. अशा वेळी ईसीयू पुन्हा बसवून, चावी बंद ठेवून एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे आणि प्रत्येक वेळी चावी चालू करून ५ व्होल्ट मोजावेत. ज्याचा कनेक्टर काढल्यावर ते परत येतात, तिथे दोष आहे. सर्व सेन्सर काढूनही आले नाहीत तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. नवा ईसीयू बसवला असता तर तोही तसाच "मेलेला" दिसला असता.

याउलट टेबलावर, बाहेर काहीही जोडलेले नसताना, ५ व्होल्ट मिळाले नाहीत आणि पुरवठा व अर्थिंग बरोबर आहेत, तर दोष ईसीयूमध्येच आहे.

चौथी पायरी, स्कॅनरशी बोलणे. आजच्या बहुतेक वाहनांत ईसीयू व स्कॅनर कॅन नावाच्या दोन वायरींवरून बोलतात. या वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. म्हणून वाहनावर बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम मिळतात. १२० मिळाले तर एक टोक तुटले आहे. शून्याच्या जवळ मिळाले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. टेबलावर दुसरे टोक नसल्याने तिथे १२० ओहमचा रेझिस्टर जोडावा लागतो. स्कॅनरने ईसीयूचा क्रमांक व सॉफ्टवेअरचा क्रमांक वाचून दाखवला तर त्याचा मेंदू व स्मृती काम करत आहेत असे समजावे. या वेळी दोषांचे अनेक कोड दिसतील. सेन्सर जोडलेलेच नसल्याने ते दिसणारच. त्यावरून ईसीयूला दोषी ठरवू नये. खरे कोड वाहनावर आधीच लिहून घेतलेले आहेत, ते ग्राह्य धरावेत.

पाचवी पायरी, खोटे सेन्सर लावून पाहणे. तापमानाच्या पिनेला अर्थशी सुमारे २,५०० ओहमचा रेझिस्टर जोडला तर बऱ्याच वाहनांत स्कॅनरवर २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान दिसते. सुमारे ३०० ओहम जोडले तर ते ८० अंशांच्या आसपास जाते. रेलच्या दाबाच्या पिनेला बदलत्या रेझिस्टरमधून अर्धा व्होल्ट दिला तर दाब शून्याजवळ दिसतो आणि व्होल्ट वाढवले की दाबही वाढतो. वाचन असे क्रमाने बदलले तर ती पिन व तिच्यामागचे भाग चांगले आहेत.

सहावी पायरी, इंजेक्टरकडे जाणारी वीज. ही तपासणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. त्यासाठी क्रँक व कॅम सेन्सरसारखे संकेत देणारे यंत्र लागते. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या चाकावर ६० दात्यांपैकी दोन गाळलेले असतात. यंत्राने हुबेहूब तसेच संकेत द्यावे लागतात, तेव्हाच इंजिन फिरत आहे असे ईसीयूला वाटते आणि तो इंजेक्टरला वीज सोडतो. सोलेनॉइड इंजेक्टर उघडण्यासाठी ईसीयू आतमध्ये ६० ते ८० व्होल्टपर्यंत वीज तयार करून साठवतो. ती पुरवठा बंद केल्यावरही थोडा वेळ टिकते. म्हणून उघड्या बोर्डाला हात लावू नये.

सातवी पायरी, ताण देऊन पाहणे. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. ईसीयू अर्धा-पाऊण तास चालू ठेवावा, हाताला सोसेल इतकी गरम हवा द्यावी आणि पेटीवर हलकेच टिचकी मारावी. पुरवठा हळूहळू ९ व्होल्टपर्यंत उतरवून पाहावा. सेल्फ मारताना वाहनात तेवढीच वीज उरू शकते. या काळात स्कॅनरशी संपर्क तुटू नये व ५ व्होल्ट हलू नयेत.

निष्कर्ष कसा काढावा?

टेबलावरील चाचणीत जे बिघडलेले दिसले ते बहुधा खरोखरच बिघडलेले असते, पण जोडणी एकदा पुन्हा तपासून मगच निर्णय घ्यावा. चाचणीत सर्व ठीक दिसले तर मोठा संशय वाहनाच्या वायरिंगवर, सेन्सरवर किंवा डिझेलच्या पुरवठ्यावर जातो. मात्र शेतातील हादरे, धूळ व ओल टेबलावर नसतात. म्हणून "ठीक" या निकालाला थोडी मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे. दोष अधूनमधून येत असेल तर वाहन चालू असताना वायरिंगचा जुडगा हलवून पाहणे अधिक उपयोगी पडते.

ईसीयू खरोखर बदलायचा ठरल्यास पुढील काळजी घ्यावी.

१) वाहन वॉरंटीत असेल तर ईसीयू बाहेर उघडू देऊ नये. अधिकृत सेवा केंद्राकडे जावे.

२) जुन्या ईसीयूतील माहिती वाचता येत असेल तर ती आधी जतन करून घ्यावी.

३) लेबलवरील क्रमांक तंतोतंत जुळावेत. बाहेरून पेटी सारखी दिसली म्हणजे आतले सॉफ्टवेअर सारखे असते असे नाही. भंगारातील ईसीयू घेताना हे विशेष पाहावे.

४) अनेक वाहनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड नव्या ईसीयूत भरावा लागतो. तो न भरल्यास इंजिन धूर करते व खडखडते. इमोबिलायझर असलेल्या पिकअपमध्ये चावीची ओळखही नव्याने द्यावी लागते.

५) दुरुस्तीच्या निमित्ताने धूर नियंत्रणाची साधने बंद करून देण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. ते नियमाविरुद्ध आहे.

६) कारागिराकडून प्रवाह, ५ व्होल्टची वाचने व स्कॅनरने वाचलेले क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. माती परीक्षणाचा अहवाल जसा मागतो, तसाच हाही मागावा. आकडे न देता नुसतेच "ईसीएम गेला" म्हणणाऱ्याच्या शब्दावर पैसे खर्च करू नयेत.

ईसीयू बिघडू नये म्हणून

१) ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करू नये. अवजार सोडवून बाजूला घ्यावे. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करणे भाग असेल तर बॅटरीच्या दोन्ही केबल व ईसीयूचा कनेक्टर काढावा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा.

२) इंजिन चालू असताना बॅटरी काढून दुसऱ्या वाहनाला लावण्याची जुनी सवय सोडावी. अशा वेळी अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतो. तसेच ट्रकच्या २४ व्होल्ट बॅटरीवरून जोड देऊन इंजिन सुरू करू नये.

३) वायर बॉडीला टेकवून ठिणगी पाहण्याची पद्धत या वाहनांवर वापरू नये.

४) ईसीयू व कनेक्टरवर प्रेशर पंपाचे पाणी मारू नये. खत किंवा औषधाचे द्रावण सांडल्यास ओल्या फडक्याने पुसून जागा कोरडी करावी.

५) फवारणी पंप, जादा दिवे किंवा टेप यांच्यासाठी ईसीयूच्या वायरींमधून जोड घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज टाकून वायर ओढावी.

६) वाहन महिनोन्‌महिने उभे राहणार असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हे सेल्फ मारण्यापूर्वी पाहावे.

वरीलप्रमाणे क्रमाने तपासणी केल्यास विनाकारण ईसीयू बदलण्याचा खर्च टळेल आणि खरा दोष लवकर सापडून वाहन हंगामात वेळेवर कामाला लागेल.